मग आणायचं कुणाला?

१० सप्टेंबर २०२२ ची रात्र. अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात, अमेरिकन फुटबॉलचा सामना. मेमोरियल स्टेडियममध्ये घड्याळात ३६ सेकंद उरले होते, आणि जॉर्जिया सदर्नच्या क्वार्टरबॅकनं, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूनं, चेंडू पोटाशी धरून स्वतःच गोलरेषा ओलांडली. ४५-४२. आमच्या किकरचा ५२ यार्डांवरून चेंडू लाथाडून बरोबरी साधायचा शेवटचा प्रयत्न हुकला आणि सामना संपला. त्याआधी आमच्या नेब्रास्का विद्यापीठाच्या संघानं घरच्या मैदानावर ३५ किंवा त्याहून जास्त गुण केले आणि तरी हरले, असं कधीच झालं नव्हतं. असे २१४ सामने झाले होते आणि २१४ जिंकले होते. त्या रात्री पाहुण्यांनी आमच्या बचावाविरुद्ध एकूण ६४२ यार्डांची आगेकूच केली.

माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी कानातला रेडिओ काढून खिशात ठेवला. ते मैदानात बसूनही सामना रेडिओवर ऐकतात, पन्नास वर्षांची सवय आहे. मागच्या रांगेत लोक अजून उठलेही नव्हते, पण वाद सुरू झाला होता. ‘अर्बन मायरला विचारा, पैसे किती ते नंतर बघू.’ ‘कॅन्सासचा लायपोल्ड आणा.’ ‘आयोवा स्टेटचा कॅम्पबेल.’ स्कॉट फ्रॉस्ट तेव्हा आमचा कोच होता, मैदानातून बोगद्याकडे चालत होता, त्याची पाठ आम्हाला दिसत होती. त्याच्या जागी कोण, यावर तीन नावं पडलीसुद्धा.

मीही त्या वादात पडले. ‘आता पुरे, याला काढायलाच हवं,’ असं मी मोठ्यानं म्हणाले. घरी जाताना मात्र पोटात खड्डा पडला होता. फ्रॉस्ट आला त्या दिवशी मी रडले होते.

इथल्या फुटबॉलशी परिचय नसलेल्यांसाठी थोडं सांगते. हा पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचं, फेकायचं, अडवायचं, पाडायचं. आणि हा व्यावसायिक संघही नव्हे, विद्यापीठाचा आहे. नेब्रास्का राज्याची लोकसंख्या जेमतेम वीस लाख. सगळीकडे मका, सोयाबीन आणि गुरं. राज्यात फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा वरच्या पातळीवरचा एकही व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे ‘कॉर्नहस्कर्स’ म्हणजे मक्याची कणसं सोलणारे हा विद्यापीठाचा संघ हाच सगळ्या राज्याचा संघ. सामन्याच्या दिवशी स्टेडियममध्ये ऐंशी-नव्वद हजार माणसं असतात आणि ओमाहा व लिंकननंतर तेच राज्यातलं तिसरं मोठं गाव होतं. नोव्हेंबर १९६२ पासून इथला प्रत्येक घरचा सामना ‘हाऊसफुल्ल’ अशी विद्यापीठाची नोंद आहे.

मी कोल्हापूरची. दादाच्या सायकलवर मागे बसून शाहू स्टेडियमवर जायची. आम्ही शिवाजी पेठेतले, म्हणून शिवाजी तरुण मंडळाचे. पाटाकडील तालमीशी सामना असला की घरात जेवणाच्या वेळा बदलायच्या. संघ निवडण्याचा प्रश्नच नसायचा, ज्या पेठेत जन्मलो तो संघ आपला. ऑगस्ट २००३ मध्ये एम.एस.साठी लिंकनला आले, तेव्हा हे शहर मला पहिल्याच शनिवारी कळलं. रस्त्यावर सगळं लाल होतं. दुकानदार, बस ड्रायव्हर, आमचे प्राध्यापक, चर्चमधून बाहेर पडणाऱ्या आजीबाई. मला वाटलं, ही पेठच आहे, फक्त राज्याएवढी मोठी.

शेजारचे आजोबा त्याच वर्षी भेटले. आयुष्यभर मका पिकवलेला माणूस, शेती मुलाकडे सोपवून लिंकनला राहायला आलेला. त्यांच्याकडे साठच्या दशकापासून चालत आलेली दोन सीझन तिकिटं होती. आजी वारल्यानंतर दुसरी खुर्ची रिकामी राहायची. एकदा त्यांनी विचारलं, ‘तू येशील का? रिकामी खुर्ची बघवत नाही.’ तेव्हापासून मी त्या खुर्चीवर बसते आहे.

माझ्या पहिल्याच सीझनमध्ये फ्रँक सोलिचला काढलं. सोलिच स्वतः इथे जुना कोच बॉब डेव्हेनीच्या हाताखाली खेळलेला, मग त्याच्यानंतरचा कोच टॉम ऑस्बर्नचा कित्येक वर्षांचा सहायक, आणि १९९८ पासून मुख्य कोच. दोन वर्षांपूर्वीच त्याचा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला होता. तिथे मायामीनं ३७-१४ असं हरवलं आणि पुढच्या वर्षी ७-७, म्हणजे सात विजय आणि सात पराभव, असं झालं, ते मात्र लोकांना पचलं नाही. २००३ मध्ये संघ पुन्हा सावरला. २८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, कोलोरॅडोला त्यांच्या घरी ३१-२२ हरवून संघ ९-३ झाला. दुसऱ्या रात्री सोलिचला काढल्याची बातमी आली. नऊ सामने जिंकलेल्या माणसाला काढतात कसं, हे मला नवख्या मुलीला समजेना. मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, ‘आपण नऊवर समाधान मानणारे नाही.’ त्यांचा त्या निर्णयाला पाठिंबा होता. राज्यातल्या पुष्कळांचा होता, पुष्कळांचा नव्हता, आणि त्या हिवाळ्यात इथली घरं त्यावरून दुभंगली होती.

मग आणायचं कुणाला, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा ऐकला. चाळीसेक दिवस शोध चालला. मधल्या काळात संघ सांभाळला बो पेलिनीनं. तो बचावाचा कोच होता. अलामो बोल या सीझनअखेरच्या सामन्यात मिशिगन स्टेटला १७-३ हरवल्यावर प्रेक्षक ‘आम्हाला बो हवा’ असं ओरडत होते. ते कुणी ऐकलं नाही. ऑकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाकडून बिल कॅलाहान आला. ज्या राज्यात पिढ्यान् पिढ्या चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ खेळला गेला, तिथे त्यानं फेकण्याचा खेळ आणला. २००४ मध्ये ५-६. १९६१ नंतरचा पहिला पराभवाचा सीझन. २००७ मध्ये कॅन्सासनं आमच्यावर ७६ गुण चढवले. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना काढलं, त्यांच्या जागी ऑस्बर्न परतले, आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी कॅलाहानही गेला. मग ऑस्बर्न यांनी ज्याला आणलं तो होता बो पेलिनी. चार वर्षांपूर्वी लोकांनी मागितलेला.

इतकी वर्षं इथे काढल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मला फार छळते. इथे कोच बदलण्याचा निर्णय जवळजवळ नेहमी थँक्सगिव्हिंगच्याच आठवड्यात होतो, आणि पुष्कळदा जिंकल्यानंतर होतो. २००३ मध्ये कोलोरॅडोला हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी. २०१४ मध्ये आयोवाला जादा वेळेत ३७-३४ हरवल्यावर दोन दिवसांनी पेलिनी गेला. २०२२ मध्ये हंगामी कोच मिकी जोसेफनं आयोवाला २४-१७ हरवलं, आठ वर्षांत पहिल्यांदा, आणि दुसऱ्या दिवशी नव्या कोचचं नाव जाहीर झालं. जिंकलेली मुलं बसमधून उतरतात आणि त्यांना कळतं, ज्याच्यासाठी खेळलो तो आता आपला नाही. अठरा-वीस वर्षांची पोरं असतात ती. कोचनं घरी येऊन आईवडिलांना शब्द दिलेला असतो, त्या शब्दावर ती या थंड गावात आलेली असतात.

पेलिनीबद्दल मला माझी चूक सांगितली पाहिजे. सात सीझन, ६६ विजय, २७ पराभव. एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत. पण दरवर्षी चार पराभव ठरलेले, आणि त्यातले एक-दोन मोठ्या संघांकडून लाजिरवाणे. तो बाजूरेषेवर लालबुंद होऊन पंचांवर धावायचा, पोरांवर ओरडायचा. २०१३ मध्ये त्याची एक जुनी ध्वनिफीत बाहेर आली, त्यात त्यानं प्रेक्षकांनाच शिव्या घातल्या होत्या. मी दुखावले होते. ज्या खुर्चीत आजी बसायच्या तिथे मी बसते, पाऊस असो, बर्फ असो, आणि हा माणूस मला शिव्या देतो? २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘याला काढा’ म्हणणाऱ्यांत मी होते. ‘नऊवर आपण समाधान मानणारे नाही’ हे आजोबांचं वाक्य मी तेव्हा त्यांनाच ऐकवलं. यावेळी ते गप्प बसले. त्यानंतरच्या दहा वर्षांत संघानं नऊ सामने फक्त एकदा जिंकले, २०१६ मध्ये. मी चुकले होते. त्याची भाषा मला आजही मान्य नाही, पण त्याच्या जागी कोण, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि तरी मी जागा रिकामी करायला निघाले होते.

त्याच्यानंतर माइक रायली आला. सज्जन, शांत. पेलिनीच्या अगदी उलट, म्हणूनच निवडलेला. तीन वर्षांत १९-१९. पुढचा कोच शोधताना लोक मागच्याचं औषध शोधतात. रागीट गेला की शांत हवा, परका गेला की आपला हवा. रायली गेल्यावर सगळ्या राज्याला एकच नाव हवं होतं, आणि त्यावर वादच झाला नाही. स्कॉट फ्रॉस्ट.

वुड रिव्हर नावाच्या छोट्या गावचा मुलगा. आईवडील दोघंही कोच. आई तर १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये थाळीफेक खेळलेली. आधी स्टॅनफर्डला गेला म्हणून लोकांनी त्याला नावं ठेवली, मग परत आला आणि १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक झाला. त्या वर्षी मिसुरीविरुद्ध त्यानं फेकलेला चेंडू एका सहकाऱ्याच्या पायाला लागून उडाला आणि जमिनीला टेकायच्या आत दुसऱ्यानं झेलला, सामना बरोबरीत आला आणि जादा वेळेत ४५-३८ जिंकला. ती आठवण इथं घराघरात सांगतात, मी तेव्हा इथे नव्हते तरी मला ती पाठ आहे. आणि आता, २०१७ मध्ये, तो सेंट्रल फ्लोरिडाचा अजिंक्य संघ घडवून घरी येत होता. २ डिसेंबरला बातमी आली. आजोबांनी दारात येऊन सांगितलं, ‘पोरगा घरी येतोय.’ मी रडले ती त्यांच्या आवाजामुळे. मुलगा लांब गेलेल्या कोणत्याही घराला हा आवाज ओळखीचा असतो, आणि माझे आईवडील तर कोल्हापुरात तसेच बसले होते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पहिले सहा सामने हरले. ४-८, ५-७, ३-५. २०२१ चा सीझन तर मी कधी विसरणार नाही. नऊ पराभव आणि नऊच्या नऊ अवघ्या नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी. ओक्लाहोमा, मिशिगन, ओहायो स्टेट, सगळ्यांना घाम फोडला आणि शेवटी हात टेकले. एखाद्या चुकीच्या किकवर, एखाद्या सुटलेल्या चेंडूवर. त्या वर्षी त्याला ठेवलं. पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाखांवर आणला, आक्रमणाचे चार सहायक बदलले. पुढच्या ऑगस्टमध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ पुढे असताना त्यानं मध्येच ऑनसाइड किक मारली, चेंडू पुन्हा आपल्यालाच मिळावा म्हणून. फसली. ३१-२८ हरलो. आणि मग जॉर्जिया सदर्न.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याला काढलं. तीन आठवडे थांबले असते तर त्याला द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर आली असती. एवढा पैसा ओतून तीन आठवड्यांची वाट टाळली. सरकारी विद्यापीठ आहे हे. मला त्यावर राग आला, आजही येतो. हे फक्त नेब्रास्कात घडतं असं नाही. पुढच्याच वर्षी टेक्सास ए अँड एमनं जिम्बो फिशरला काढताना साडेसात कोटी डॉलरहून अधिक देणं अंगावर घेतलं. सहायकांना मात्र इतकं मिळत नाही. त्यांची मुलं अर्ध्या वर्षात शाळा बदलतात.

मग अडीच महिने तो वाद चालला. हाय-वी दुकानात, न्हाव्याकडे, आमच्या प्रयोगशाळेत, महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीतसुद्धा. मी सगळं मन लावून ऐकत होते. मला हळूहळू वाटायला लागलं, की लोक माणसांबद्दल बोलतच नाहीत. मायरचं नाव घेणाऱ्यांना तीन राष्ट्रीय विजेतेपदं हवी होती, त्याच्याभोवतीची वादळं त्यांनी मोजली नव्हती. लायपोल्डचं नाव घेणारे वेगळे. ते बहुतेक वयस्क, शेतीवाडीतले. त्यानं व्हाइटवॉटरच्या छोट्या कॉलेजात सहा विजेतेपदं मिळवली होती, आणि त्या शरदात कॅन्सासचा, आमच्याहूनही हरलेला संघ, पहिले पाच सामने जिंकला. सोलिचच्या शेवटच्या वर्षांत हाच लायपोल्ड इथे, लिंकनमध्ये, एका छोट्या पदावर काम करत होता. त्याचं नाव घेताना लोकांच्या आवाजात पश्चात्ताप असायचा. आणि जोसेफला कायम करा म्हणणारे होते. तोही इथलाच जुना क्वार्टरबॅक, आणि विद्यापीठाच्या कोणत्याही खेळातला पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. खेळाडूंना तो हवा होता. माझं मतही त्याच्याच बाजूनं होतं.

पण खोलवर सगळ्यांना एकच माणूस हवा होता, आणि तो तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचा होता. टॉम ऑस्बर्न. पंचवीस सीझन, २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी, एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत. १९९४, १९९५, १९९७ ची विजेतेपदं. ‘दुसरा ऑस्बर्न शोधा’ हे वाक्य मी त्या अडीच महिन्यांत किती वेळा ऐकलं.

एका संध्याकाळी आजोबांनी मला ऑस्बर्न यांची ती वर्षं सांगितली जी विजेतेपदांच्या यादीत नसतात. १९७३ मध्ये डेव्हेनीकडून संघ घेतला तेव्हा पस्तिशीचा पोरगा. ओक्लाहोमाशी दरवर्षी सामना, आणि पाच वर्षं सलग पराभव. लोक म्हणायचे, चांगला माणूस आहे पण मोठे सामने याला जमत नाहीत. १९७८ मध्ये शेवटी १७-१४ जिंकले, तर त्याच सीझनच्या ऑरेंज बोलमध्ये पुन्हा तेच ओक्लाहोमा समोर आले आणि हरवून गेले. त्या सुमारास कोलोरॅडोनं त्यांना बोलावलं आणि ते बोल्डरला जाऊन बघूनही आले. ‘जाऊ दे, असं म्हणणाऱ्यांत मीही होतो,’ आजोबा म्हणाले. ते गेले नाहीत. जानेवारी १९८४ मध्ये मायामीविरुद्ध एका गुणाची सोपी किक मारली असती तर बरोबरी झाली असती आणि विजेतेपद बहुधा मिळालं असतं. त्यांनी दोन गुणांसाठी खेळून जिंकायचं ठरवलं. चेंडू बोटांना लागून पडला, ३१-३०. त्यानंतरही दहा वर्षं. पहिलं विजेतेपद बाविसाव्या सीझनमध्ये आलं.

बाविसाव्या. मी त्या रात्री मोजत बसले. सोलिचला सहा वर्षं, कॅलाहानला चार, पेलिनीला सात, रायलीला तीन, फ्रॉस्टला पाचवं अर्ध्यात तुटलेलं. मी आल्यापासून पाच कोच मिळून ऑस्बर्न यांच्या एकट्याइतकी वर्षं भरतात. आपण ज्याला शोधतोय तो आपल्याकडे येऊन गेलाही असेल आणि आपण त्याला सहाव्या वर्षी घालवलं असेल. हे मला कधीच कळणार नाही.

धीर धरला की सगळं होतं, असं मला म्हणायचं नाही. फ्रॉस्टच्या बाबतीत आम्ही धीर धरला आणि तो वाया गेला. आणि तो धीर आम्ही सगळ्यांसाठी सारखा धरत नाही. फ्रॉस्ट आम्हाला प्रिय होता म्हणून त्याला १६-३१ पर्यंत वेळ मिळाला. सोलिचही इथलाच होता, त्यानं ५८ जिंकले आणि १९ हरले, तरी त्याला वेळ मिळाला नाही. ठेंगणा, अबोल, दिसायला कुणी नायक नव्हे. याचं कारण मैदानात सापडत नाही, आमच्यात सापडतं.

शेवटी मॅट रूल आला. टेंपल विद्यापीठात २-१० पासून १०-४, बेलर विद्यापीठात १-११ पासून ११-३, अशी त्याची कीर्ती, दोन्हीकडे तिसऱ्या वर्षी फळ आलेलं. आठ वर्षांचा करार, ७ कोटी ४० लाख डॉलर.

त्यानं सामना खेळायच्या आधी एक गोष्ट केली. २२ एप्रिल २०२३ च्या स्प्रिंग गेमला, म्हणजे संघाच्या आपसातल्या सराव सामन्याला, त्यानं फ्रँक सोलिचला बोलावलं. इथून गेल्यावर सोलिच ओहायो विद्यापीठात सोळा सीझन कोच होता, तिथे त्याला वेळ मिळाला आणि ११५ विजय मिळाले. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा माणूस.

स्टेडियमच्या दगडात जुन्या काळी इथल्या तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकानं लिहिलेल्या ओळी कोरल्या आहेत. विजय नव्हे तर कृती, ध्येय नव्हे तर खेळ, आणि कर्मातच वैभव, अशा अर्थाच्या. मी त्यांच्याखालून वीस वर्षं गेले होते. त्या दिवशी आजोबांनी तिथे थांबून त्या पूर्ण वाचल्या, मग माझा हात धरून पायऱ्या चढले.

सोलिचचं नाव पुकारलं तेव्हा लोक उभे राहिले. टाळ्या लवकर थांबल्या नाहीत. आजोबांना गुडघ्यांमुळे उभं राहायला वेळ लागतो. ते उभे राहिले तोवर पुढचे बरेच जण बसले होते. त्यांनी लाल टोपी काढून छातीशी धरली होती. रेडिओ कानात नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मैदानाकडे बघत राहिले.

‘मी त्या वर्षी पत्र लिहिलं होतं,’ बऱ्याच वेळानं ते म्हणाले. ‘विद्यापीठाला. याला काढा म्हणून.’

मला हे वीस वर्षांत माहीत नव्हतं. मी काही बोलले नाही. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, खाली बसले, आणि नवा क्वार्टरबॅक कसा फेकतो ते बघण्यासाठी पुढे वाकले.